बाबांचा ईसीजी, दादाची घड्याळं आणि ‘तिघांत एक’

पत्र:

माझं वय ४६. वडील ७८ वर्षांचे, बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी काढलेल्या ईसीजीत त्यांना एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल पडण्याचा आजार, असल्याचं कळलं. त्रास काहीच नव्हता. डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी दिली, पण बाबा ती घेत नाहीत. म्हणतात, “या वयात हे सगळ्यांनाच असतं. फार तर ॲस्पिरिन घेईन.” मोठ्या भावाचं उलटंच. ‘दर तीन माणसांत एकाला होतो’ असं त्याने वाचलं आणि घरातल्या सगळ्यांना नाडी तपासणारी घड्याळं आणून दिली. परवा माझ्या २३ वर्षांच्या मुलाच्या घड्याळावर ‘ठोके अनियमित’ अशी सूचना आली. त्या रात्री घरात कुणी झोपलं नाही. मी शोधायला बसले, तर कुठे शंभरात एक, कुठे शंभरात चार, कुठे तिघांत एक. नेमका किती जणांना असतो हा आजार? आणि आम्ही सगळ्यांनीच तपासून घ्यायचं का?

– एक मुलगी, बहीण आणि आई

उत्तर:

ताई,

आकड्यांचा गुंता सोडवायला थोडा वेळ लागेल. बाबांच्या गोळीला मात्र तेवढा वेळ नाही, कारण या आजारातून पक्षाघात होऊ शकतो; म्हणून ते आधी. याच आठवड्यात त्यांना घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे पुन्हा जा. त्यांच्याशी काय बोलायचं ते पुढे लिहिते. मुलाला चक्कर, छातीत दुखणं किंवा दम लागणं असं काही नसेल, तर त्याचा एक साधा ईसीजी काढून घ्या. त्यासाठी रात्र जागवायची गरज नाही. तुम्हाला आणि दादाला आज कुठल्याही तपासणीची घाई नाही.

आता ते तीन आकडे. तिन्ही खरे आहेत. ते एकमेकांशी भांडताहेत असं वाटतं, कारण प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. छापताना उत्तर तेवढं छापलं जातं आणि प्रश्न गळून पडतो.

केसांचं उदाहरण घ्या. आज सगळ्या प्रौढ माणसांना एका मैदानात उभं केलं आणि कितींचे केस पिकलेत ते मोजलं, तर एक आकडा मिळेल. ‘यांच्यापैकी कितींचे केस मरेपर्यंत कधी ना कधी पिकतील?’ असं विचारलं, तर आकडा कितीतरी मोठा होईल. माणसं तीच, मैदान तेच, प्रश्न बदलला. ‘शंभरात एक’ किंवा ‘शंभरात चार’ म्हणजे आज मैदानात मोजलेले. ‘तिघांत एक’ म्हणजे आयुष्यभरात कधीतरी होणारे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या अभ्यासातून २००४ मध्ये निघालं, की चाळिशी ओलांडलेल्या चार जणांतल्या एकाला पुढच्या आयुष्यात एट्रियल फिब्रिलेशन गाठतं. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवरून २०२४ मध्ये आलेला हिशोब सांगतो, की ४५ नंतरच्या आयुष्यातली ही शक्यता २००० ते २०१० या काळात २४ टक्के होती, ती २०११ ते २०२२ मध्ये ३१ टक्क्यांवर गेली. दादाने वाचलेलं ‘तिघांत एक’ हे अशाच ठिकाणाहून आलेलं. पण ते वाचून त्याने आज घरात बसलेली माणसं मोजली आणि दर तिसऱ्याकडे संशयाने बघितलं. तसं ते नाही.

मैदानातला आकडासुद्धा एकटा फारसा कामाचा नाही. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्य योजनेतल्या वीस वर्षांवरच्या सुमारे १९ लाख सभासदांच्या नोंदी तपासून २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एट्रियल फिब्रिलेशन असलेले निघाले जवळपास १८ हजार, म्हणजे शंभरात एकाला किंचित कमी. हाच तुमचा पहिला आकडा. पण तो वयाप्रमाणे वेगळा करून पाहिला, तर ५५ च्या आतल्यांत हजारी एक आणि ८० च्या पुढच्यांत शंभरी नऊ. एकाच अभ्यासात, एकाच वेळी, नव्वदपट फरक! नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात ५५ च्या पुढच्यांचा असाच अभ्यास झाला. तिथे ५५ ते ५९ मध्ये शंभरात एकालाही नव्हता, तर ८५ च्या पुढे जवळजवळ अठरा जणांना होता. ‘शंभरात एक’ ही सरासरी आहे आणि त्या सरासरीत तुमच्या घरातलं कुणीच बसत नाही. बाबा तिच्या कितीतरी वर आहेत, तुमचा मुलगा कितीतरी खाली.

वयाखेरीज आणखी गोष्टी आहेतच. उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, मधुमेह, हृदयाच्या झडपांचे आजार, हृदयाची पंप करण्याची ताकद कमी होणं, झोपेत श्वास अडकणं, जास्त प्रमाणात मद्यपान, थायरॉईडचा अतिरेक. एका वयाचे स्त्री-पुरुष घेतले तर पुरुषांत प्रमाण जास्त. पण बायका जास्त जगतात, त्यामुळे खूप म्हाताऱ्या रुग्णांत त्याही भरपूर असतात. आणि जिथे लहानपणीच्या रूमॅटिक तापाने (सांधे सुजवणाऱ्या तापाने) झडपा खराब होण्याचं प्रमाण अजून मोठं आहे, तिथे हा आजार बऱ्याच कमी वयातही दिसतो. तुमच्या मुलाला लहानपणी सांधे सुजून ताप आल्याचा इतिहास असेल, तर तो डॉक्टरांना नक्की सांगा.

आता ज्या गोष्टीवर मला जास्त बोलायचं आहे ती. तुमच्या तिन्ही प्रश्नांची किल्ली तिच्यात आहे.

हा आजार मोजणं अवघड का, हे तो काय आहे ते पाहिलं की कळतं. हृदयाचे वरचे दोन कप्पे एरवी तालात आकुंचन पावतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ते आकुंचन पावायचं सोडून मिनिटाला ३५० ते ६०० वेळा नुसते थरथरतात. त्यातले काही विद्युत संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतात, काही वाटेत अडतात, आणि नाडी कुठल्याच तालात बसत नाही. ईसीजी यायच्या आधीही डॉक्टरांना ही ‘सतत अनियमित’ नाडी बोटांनी कळत होती, पण तिचं कारण वरच्या कप्प्यांत आहे हे १९०९ मध्ये ब्रिटिश डॉक्टर थॉमस लुईस यांनी ईसीजीवरून दाखवलं. म्हणजे ज्या साधनाने आपण बघतो, त्याच्यावरच आजाराची ओळख आणि मोजणी उभी आहे.

बऱ्याच जणांत ही थरथर सुरुवातीला येते आणि जाते. मिनिटभर, तासभर, कधी दिवसभर. पुष्कळ जणांना ती जाणवतही नाही. साधा ईसीजी दहा सेकंदांचा असतो. दिवसात अशा दहा सेकंदांच्या ८,६४० खिडक्या असतात आणि आपण त्यातल्या एकीतून डोकावतो. थरथर दिवसातून तासभरच येत असेल, तर एका डोकावण्यात ती दिसण्याची शक्यता चोवीसात एक. मग किती जणांना आजार आहे, याचं उत्तर आपण किती वेळ बघत उभे राहिलो यावर ठरतं.

स्वीडनमध्ये हे फार छान दिसलं. ७५-७६ वर्षांच्या लोकांना तपासणीसाठी बोलावलं. सात हजारांवर लोक आले. त्यातल्या शंभरी नऊ जणांना आजार असल्याचं आधीच माहीत होतं. पहिल्या ईसीजीत नवे सापडले शंभरात अर्धा, म्हणजे दोनशेत एक. मग आजार माहीत नसलेल्यांना हातात धरायचं छोटं यंत्र देऊन दोन आठवडे रोज दोनदा ईसीजी काढायला लावला. तेव्हा नव्यांचा आकडा शंभरी तीनवर गेला आणि एकूण प्रमाण बारा टक्क्यांच्या वर. डेन्मार्कमध्ये त्याच्याही पुढे गेले. ७० ते ९० वयाच्या, पक्षाघाताचा आणखी एखादा धोका असलेल्या ६,००४ लोकांपैकी एक चतुर्थांश जणांच्या छातीच्या कातडीखाली ठोके टिपणारं बारीक यंत्र बसवलं. नेहमीच्या देखरेखीखालच्या लोकांत काही वर्षांत १२ टक्क्यांना एट्रियल फिब्रिलेशन सापडलं; यंत्रवाल्यांत ३२ टक्क्यांना.

त्या ३२ टक्क्यांतल्या जास्तीच्या लोकांना आजार नवा झाला नव्हता, तो फक्त दिसला. जगभरातले आकडे का वाढताहेत, याचं निम्मं उत्तर इथे आहे. २०१० साठीच्या जागतिक अंदाजात ३ कोटी ३५ लाख रुग्ण होते, २०१९ साठीच्या अंदाजात जवळपास ६ कोटी. अमेरिकेत बरीच वर्षं ३३ लाखांचा आकडा चालत होता. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून केलेला अंदाज निघाला १ कोटी ५ लाखांचा. माणसं जास्त जगताहेत, वजनं वाढताहेत, हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेले लोक म्हातारे होताहेत, हे सगळं खरंच आहे. पण त्याबरोबर खिडक्याही वाढल्या. जिथे ईसीजीची सोय कमी तिथे रुग्ण कमी नोंदले जातात, हेही त्याच हिशोबाचं दुसरं टोक.

दादाला वाटेल, मग तर जास्तीत जास्त बघायलाच हवं. त्याची कळकळ मला कळते. कुटुंबात एकाला काही निघालं की उरलेल्यांना वाचवायची धडपड होतेच. पण डेन्मार्कच्या त्या अभ्यासाचा पुढचा भाग त्याला वाचून दाखवा. यंत्रवाल्यांत रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दुपटीहून जास्त लोकांना सुरू झाल्या. पक्षाघात किंवा दुसरीकडे गुठळी अडकण्याचं प्रमाण यंत्रवाल्यांत साडेचार टक्के आणि इतरांत साडेपाच टक्क्यांच्या आसपास राहिलं. हा फरक योगायोगाने पडला नाही असं खात्रीने म्हणता येण्याइतका मोठा नव्हता. खूप शोधून सापडलेलं एट्रियल फिब्रिलेशन बरेचदा थोडा वेळ येऊन जाणारं असतं आणि त्याचा धोकाही कमी असतो. स्वीडनमध्ये म्हाताऱ्यांच्या तपासणीचा थोडा फायदा झाला, तो नाकारता येत नाही. पण तो पंचाहत्तरीतल्यांचा. म्हणूनच युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांची संघटना प्रामुख्याने हे सांगते, की ६५ च्या पुढचा माणूस कुठल्याही कारणाने दवाखान्यात आला की त्याची नाडी बघा किंवा ईसीजी काढा. प्रौढांत शंभरी दोन ते चार हा अंदाजही त्यांच्याच २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतला, म्हणजे तुमचा दुसरा आकडा. अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञगटाने २०२२ मध्ये पन्नाशीपुढच्या, त्रास नसलेल्या लोकांचा विचार केला आणि सरसकट तपासणी करावी की नाही हे ठरवायला पुरावा अपुरा आहे असं जाहीर केलं. विशीतल्यांना तपासा, असं यांपैकी कुणीच म्हणत नाही.

तुमच्या मुलाचं बघू. समजा घड्याळ इतकं चांगलं आहे, की आजार असलेला एकही माणूस ते सोडत नाही आणि आजार नसलेल्या शंभरांपैकी फक्त एकाला चुकून सूचना देतं. तरुण मुलांत प्रमाण हजारी एक धरू. खरं तर विशीत ते आणखी कमी असेल. दहा हजार तरुणांनी घड्याळ घातलं तर आजार असलेले दहा, त्यांना सूचना येईल. उरलेल्या ९,९९० पैकी जवळपास शंभर जणांना विनाकारण येईल. एकूण ११० सूचना, त्यातल्या खऱ्या दहा. म्हणजे अकरांत एक. तेच घड्याळ ऐंशीच्या पुढच्या दहा हजार आजी-आजोबांच्या हातात घातलं तर ९०० खऱ्या सूचना आणि ९१ खोट्या. इथे दहांत नऊ खऱ्या. घड्याळ तेच. एकाच सूचनेचा अर्थ नातवाच्या मनगटावर एक आणि आजोबांच्या मनगटावर दुसरा. आजार समाजात किती, कुठल्या वयात किती, हे माहीत असण्याचा घरगुती उपयोग एवढाच, पण तो फार मोठा आहे. तुमच्या घराची ती रात्र त्याने वाचली असती.

हे आकडे मी समजावण्यासाठी धरलेत. प्रत्यक्षात घड्याळं याहून सावध असतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲपल हार्ट स्टडीत सुमारे ४ लाख १९ हजार लोक होते. सूचना आली ती दोनशेत साधारण एकाला. चाळिशीपर्यंतच्या तरुणांत हजारी दोघांनाही नाही, तर ६५ च्या पुढे शंभरी तिघांना. सूचना आलेल्यांपैकी काही जणांनी नंतर आठवडाभर छातीवर ईसीजीची पट्टी लावली, त्यांच्यात साधारण तिघांतल्या एकाला एट्रियल फिब्रिलेशन दिसलं. म्हणून सूचना फेकूनही द्यायची नाही. एक ईसीजी, डॉक्टरांनी सुचवल्यास थायरॉईडची तपासणी, आणि मुलाशी मोकळेपणाने एक प्रश्न: दारू किंवा कुठली उत्तेजक गोष्ट चालू आहे का? ओरडू नका, विचारा. पुष्कळदा तरुणांत निघतं ते एवढंच, की श्वास आत घेताना ठोके थोडे जलद आणि सोडताना मंद होतात, किंवा मधूनच एखादा ठोका आगाऊ पडतो. पहिलं निरोगी हृदयाचं लक्षण आहे आणि दुसरं बहुतेक वेळा निरुपद्रवी.

आता बाबा.

दादाने ‘सर्रास आढळतो’ हे वाचलं आणि घाबरला. बाबांनी तेच ऐकलं आणि निर्धास्त झाले. बाबांचं हे न घाबरणं मला जास्त काळजीचं वाटतं, कारण त्यांच्या वाक्यात दोन चुका आहेत. पहिली, ‘सगळ्यांनाच असतं’ हे खरं नाही. स्वीडनमधल्या पंचाहत्तरीच्या लोकांना दोन आठवडे पिंजून काढलं, तरी दर शंभरांतल्या सत्त्याऐंशी जणांना नव्हतंच. दुसरी, केस पिकणंही वयानुसार सर्रास होतं, पण पिकलेला केस कुणाचा उजवा हात लुळा पाडत नाही.

थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं. डाव्या वरच्या कप्प्याला बाहेरच्या बाजूने एक छोटी पिशवी असते. झडपांचा आजार नसलेल्या रुग्णांत दहांपैकी नऊ गुठळ्या तिथेच सापडतात. तिथून गुठळी सुटली की मेंदूच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकते. एट्रियल फिब्रिलेशन असलेल्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट, हे फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासाने दाखवलं. त्याच अभ्यासात, १९९१ मध्ये, आणखी एक हिशोब आला तो बाबांना सांगा. पन्नाशीतल्या लोकांना होणाऱ्या पक्षाघातांपैकी या आजाराच्या माथी जाणारे शंभरात दीड. ऐंशी ते एकोणनव्वदमधल्यांत शंभरात साडेतेवीस. जिथे तो सर्वांत जास्त आढळतो, तिथेच सर्वांत जास्त घात करतो.

“मला काही होत नाही” याने धोका कमी होत नाही. गुठळी तयार होताना धडधड व्हायलाच हवी असं नाही. आणि मघाची ती खिडकी आठवा. बाबांची थरथर दहा सेकंदांच्या एका ईसीजीत सापडली, तीही दुसऱ्याच कामासाठी काढलेल्या. तासाभरासाठी येऊन जाणारी असती तर ती सापडायची शक्यता फार थोडी होती. म्हणजे ती बहुधा दिवसाचा मोठा भाग, कदाचित सतत असते. डेन्मार्कच्या यंत्रांनी खणून काढलेला क्षणिक प्रकार हा नव्हे.

डॉक्टर गोळी द्यायची की नाही हे वय, बीपी, मधुमेह, आधीचा पक्षाघात, हृदयाची ताकद अशा गोष्टींना गुण देऊन ठरवतात. ७५ च्या पुढच्याला दोन गुण, बीपीचा एक. बाबांचे तीन झाले, आणि पुरुषांत दोन गुणांपासून गोळीची शिफारस असते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या जुन्या औषधाने या आजारातले पक्षाघात सुमारे दोन तृतीयांशाने कमी होतात; नवी औषधं निदान तितकीच चांगली आहेत आणि मेंदूतल्या रक्तस्रावाच्या बाबतीत जास्त सुरक्षित. ॲस्पिरिन इथे चालत नाही. गुठळी रोखण्यात ते फार कमी पडतं, आणि रक्तस्रावाचा धोका त्याचाही असतोच. दोन्ही स्वतःच्या मनाने एकत्र घेणं तर मुळीच नको.

बाबांना गोळीची भीती वाटत असेल तर ती खोटी नाही. रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची, दुखण्यावरच्या आणि झाडपाल्याच्या औषधांचीही, यादी न्या. पूर्वी कधी पोटात रक्तस्राव झाला असेल तर सांगा. मूत्रपिंडाची तपासणी झाली आहे का ते विचारा, कारण गोळीचा डोस बरेचदा त्यावर ठरतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती थांबवायची की नाही हेही आत्ताच विचारून घ्या. घरच्या घरी थांबवू नका. आणि तोंड वाकडं होणं, एक हात न उचलणं, बोलणं अडखळणं, यांपैकी काहीही अचानक दिसलं तर वाट न बघता मोठ्या रुग्णालयात न्या, ते लगेच थांबलं तरी.

तुमचं स्वतःचं तुम्ही विचारलंच नाही, तरी सांगते. आई किंवा वडिलांना हा आजार असेल तर मुलांना होण्याची शक्यता दुपटीच्या जवळ जाते. ऐकायला भयंकर वाटतं. पण तुमच्या वयात हजारी एकाचे हजारी दोन होतात. वडिलांना कमी वयात झाला असता तर मी जास्त लक्ष द्या म्हटलं असतं, त्यांना अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळला. तुम्ही आणि दादा दोघांनीही बीपी मोजा, वजनाकडे बघा, घोरणं जोरात असेल आणि दिवसा पेंग येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

आणि घड्याळाआधीचं साधन शिकून घ्या. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं हलकेच ठेवा आणि पूर्ण मिनिटभर थांबा. ठोके किती हे नंतर. आधी ते सारख्या अंतराने येताहेत का ते बघा. सुरुवात बाबांच्या मनगटापासून करा, त्यांच्या शेजारी बसून, आणि मग त्यांची बोटं तुमच्या मनगटावर ठेवा. दोन नाड्यांतला फरक त्यांना स्वतःला कळला की गोळीबद्दलचं बोलणं सोपं जाईल. ती सुरू झाली का, ते मला जरूर कळवा.